६२ ग्रॅम एमडीला ‘व्यापारी प्रमाण’ का म्हणतात? भाच्याच्या प्रकरणाबाबत मार्गदर्शन हवे आहे

कळवेकर (प्रश्नकर्ता)

सर्व सदस्यांना नमस्कार. मी कळव्याला राहतो आणि एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कायद्याचे माझे ज्ञान वर्तमानपत्रापलीकडे नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

माझी धाकटी बहीण कोपरखैरण्याला राहते. तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून भाच्याचे शिक्षण, फी, दुखणीखुपणी हे सारे मीच पाहत आलो आहे. भाचा एकवीस वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास पाम बीच रस्त्यावर नेरूळजवळ पोलिसांनी त्याच्या मित्राची गाडी थांबवली. गाडीत चौघे होते. चालकाच्या आसनाखाली एका कापडी पिशवीत अकरा पुड्या मिळाल्या. त्यांतील भुकटी मेफेड्रोन, म्हणजे सगळे ज्याला एमडी म्हणतात ते, असल्याचे आणि तिचे वजन ६२ ग्रॅम भरल्याचे पोलिसांचे म्हणणे आहे. भाचा मागच्या आसनावर होता. त्याच्या अंगझडतीत मोबाइल आणि पैशांचे पाकीट याखेरीज काहीही मिळाले नाही. तरीही चौघांवर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याची कलमे ८(सी), २२(सी) आणि २९ सारखीच लावली आहेत. पोलीस कोठडी संपली असून मुले आता तळोजा कारागृहात आहेत.

आम्ही नेमलेल्या वकिलांनी सांगितले की हे ‘व्यापारी प्रमाणा’चे प्रकरण आहे, किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे आणि जामिनाच्या अर्जाची घाई करण्यात अर्थ नाही. हा शब्द ऐकल्यापासून बहिणीने अन्न सोडल्यासारखे केले आहे. मुलगा व्यापार करत होता असे तिला वाटू लागले आहे. दुसरीकडे, आमच्या ओळखीतील एका कुटुंबातील मुलाकडे दोन किलो गांजा सापडला होता आणि तो तीन आठवड्यांत जामिनावर घरी आला. दोन किलोवाला घरी येतो आणि ज्याच्या खिशात काही नव्हते तो ६२ ग्रॅमसाठी दहा वर्षांच्या दारात उभा राहतो, हा हिशेब आयुष्यभर हिशेबच केलेल्या माझ्यासारख्या माणसालाही लागत नाही.

दोन गोष्टी लपवणे योग्य नाही. अटकेच्या दोन दिवस आधी भाच्याने गाडीच्या मालकाला मोबाइलवरून तीन हजार रुपये पाठवले होते. आणि गेल्या वर्षभरात आपण अधूनमधून हा पदार्थ घेत होतो, हे त्याने मुलाखतीच्या वेळी जाळीपलीकडून आईला रडत सांगितले. कायदा गुन्ह्याचे वर्ग नेमके कशावर पाडतो, हे कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

कोर्टनाका

कळवेकर साहेब, मी ठाण्याच्या जिल्हा व सत्र न्यायालयात बावीस वर्षे फौजदारी वकिली करतो. आपल्या वकिलांच्या कामात हस्तक्षेप होईल असे काही मी लिहिणार नाही; पण आपला प्रश्न शेकडो कुटुंबांना पडतो आणि त्याचे उत्तर न्यायालयाच्या बाहेरील व्हरांड्यात दोन मिनिटांत दिले जाते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

प्रथम बहिणीला हे सांगा की ‘व्यापारी प्रमाण’ या शब्दाचा व्यापार केल्याशी संबंध नाही. ती वजनाची एक रेषा आहे. केंद्र सरकारने १९ ऑक्टोबर २००१ रोजी अधिसूचना काढून प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे लिहिले, एक अल्प प्रमाणाचा आणि दुसरा व्यापारी प्रमाणाचा. पहिल्या आकड्यापर्यंत अल्प, दुसऱ्याच्या वर व्यापारी, आणि या दोहोंच्या मध्ये जे पडते त्याला कायद्यात स्वतंत्र नाव नसले तरी आम्ही मध्यम प्रमाण म्हणतो. गांजासाठी हे आकडे एक किलो आणि वीस किलो आहेत. चरससाठी १०० ग्रॅम आणि एक किलो, अफूसाठी २५ ग्रॅम आणि अडीच किलो, हेरॉइनसाठी ५ आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ आणि १०० ग्रॅम. मेफेड्रोन २००१ च्या यादीत नव्हते. ते २०१५ च्या फेब्रुवारीत कायद्याच्या कक्षेत आले आणि त्याचे आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम ठरले. त्यामुळे दोन किलो गांजा हा मधल्या पट्टीच्या अगदी तळाशी राहतो आणि ६२ ग्रॅम एमडी वरची रेषा ओलांडून बारा ग्रॅम पुढे जाते. आपल्याला न लागणारा हिशेब एवढाच आहे: किलो आणि ग्रॅम यांची परस्परांशी तुलना होत नाही, प्रत्येक पदार्थाचा काटा वेगळा आहे.

शिक्षाही याच पट्ट्यांवरून ठरते. अल्प प्रमाण असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी हीच मर्यादा सहा महिन्यांची होती. मध्यम प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण किमान शिक्षा नाही, म्हणजे न्यायाधीशांना परिस्थिती पाहून कमी शिक्षा देता येते. व्यापारी प्रमाणात मात्र न्यायाधीशांचे हात बांधलेले आहेत: किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे, आणि एक ते दोन लाख रुपये दंड. पदार्थ कोणत्या कुळातला आहे त्यावर कलम बदलते. गांजा आणि चरस कलम २० मध्ये येतात, हेरॉइन आणि कोकेन कलम २१ मध्ये, आणि मेफेड्रोनसारखे मनावर परिणाम करणारे पदार्थ कलम २२ मध्ये; पट्ट्यांची रचना मात्र सगळीकडे तीच आहे. (रसायनांची आणखी एक वेगळी जात आहे. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूर जिल्ह्यातील एका कारखान्यातून एफेड्रिनचा मोठा साठा पकडला होता, तो या जातीचा. ते नियंत्रित पदार्थांच्या कलमांखाली येते आणि आपल्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.)

ही पट्ट्यांची पद्धत कठोर वाटते, पण तिच्या आधीची स्थिती अधिक कठोर होती. कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला तेव्हा बहुतेक गुन्ह्यांना, वजन काहीही असो, किमान दहा वर्षांची शिक्षा होती, आणि माल स्वतःच्या सेवनासाठी अगदी थोडा होता हे आरोपीने सिद्ध केले तरच सुटका होती. त्यामुळे व्यसनी मुलगा आणि घाऊक विक्रेता एकाच मापात मोजले जात. २००१ ची दुरुस्ती हा फरक करण्यासाठीच आली. वजनावरून हेतूचा अंदाज बांधायचा, हे तिचे सूत्र होते, आणि आपल्या प्रकरणात नेमके तेच सूत्र अडचणीचे ठरते आहे, कारण चौघांच्या गाडीतील वजन चौघांच्याही नावावर संपूर्ण लागते. ते चारने भागले जात नाही. कलम २९, म्हणजे कट आणि चिथावणी, त्यासाठीच लावलेले आहे आणि त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच आहे.

भुकटीत भेसळ असते, मग शुद्ध एमडी किती हे मोजा, असे अनेक पालक म्हणतात. २००८ च्या एका निकालानंतर काही काळ तसा युक्तिवाद चालत होता. २२ एप्रिल २०२० रोजी हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो मार्ग बंद केला. आता मिश्रणाचे संपूर्ण वजन धरले जाते, त्यात ग्लुकोज असो वा आणखी काही. मुंबई उच्च न्यायालयाने एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाच्या बाबतीत, तो ज्या शोषक कागदावर टिपलेला असतो त्या कागदाचेही वजन धरायचे, असा निर्णय दिला. एलएसडीची व्यापारी रेषा एक दशांश ग्रॅमवर आहे, तेव्हा टिकलीएवढ्या कागदांची एक छोटी पट्टीही दहा वर्षांच्या दारापर्यंत नेऊ शकते. माझ्या मते हा भाग संसदेने पुन्हा पाहण्यासारखा आहे, परंतु आज न्यायालयात चालतो तो कायदा हा आहे.

जामिनाबाबत आपल्या वकिलांनी सांगितले ते खरे आहे. कलम ३७ नुसार व्यापारी प्रमाणात न्यायालयाला आधी दोन गोष्टींबद्दल समाधान व्हावे लागते: आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी आधार आहे, आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही. खटला सुरू होण्याआधी पहिली अट पूर्ण करणे फार अवघड असते. दोन किलो गांजाला या अटी लागत नाहीत, म्हणून तो मुलगा तीन आठवड्यांत घरी आला. शिवाय व्यापारी प्रमाणात दोषारोपपत्रासाठी नेहमीच्या साठ-नव्वद दिवसांऐवजी १८० दिवस मिळतात आणि सरकारी वकिलांनी तपासाची प्रगती व कोठडीची विशिष्ट कारणे दाखवणारा अहवाल दिला तर ही मुदत एक वर्षापर्यंत वाढू शकते. ती तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. मुदत संपली, वाढवून मिळालेली नाही आणि दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो आणि तेथे कलम ३७ आड येत नाही. मात्र अर्ज त्याच दिवशी तयार असावा लागतो.

ऐरोलीची आई

वकील साहेबांनी फार नीट समजावले आहे. कळवेकर काकांच्या बहिणीविषयी मला मनापासून वाईट वाटते आणि पुढे लिहीत आहे ते त्यांना दुखावण्यासाठी नाही.

माझा मुलगा बारावीत आहे. आमच्या भागात शिकवणीच्या वर्गांबाहेर, चहाच्या टपरीच्या आडोशाला मुलांना पुड्या मिळतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि लेखी तक्रारही केली आहे. जी मुले विकतात त्यांच्याजवळ एका वेळी एक-दोन पुड्यांपेक्षा जास्त माल नसतो. वकील साहेबांनी दिलेल्या आकड्यांवरून पाहिले तर दोन ग्रॅमच्या आत राहणारा हा विक्रेता पकडला गेला तरी त्याला जास्तीत जास्त एक वर्ष, आणि तो बहुधा लगेच सुटतो. म्हणजे जो रोज विकतो त्याला कायदा अल्प समजतो आणि जो एका रात्री गाडीत बसला त्याला व्यापारी समजतो. मला कायदा सौम्य नको आहे, अधिक कठोर हवा आहे, पण तो योग्य माणसावर कठोर व्हावा, असे वाटते. शाळकरी मुलांना हा पदार्थ देणाऱ्याला वेगळी शिक्षा नाही का? आणि अशा माणसाला तीन-चार वेळा पकडल्यावरही दर वेळी पहिल्यासारखेच मोजतात का?

कोर्टनाका

ताई, आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत, त्यांचा वापर मात्र पुरेसा होत नाही.

अल्पवयीन मुलाला डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज मादक पदार्थ देणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मुलाकडून असा पदार्थ विकवणे किंवा वाहून नेणे हा कलम ७८ खाली. दोन्हींना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि त्यांत वजनाची कोणतीही पट्टी नाही. एका पुडीलाही ते लागू होते. आपण तक्रार पुन्हा करणार असाल तर त्यात या कलमांचा उल्लेख करा आणि ग्राहक अठरा वर्षांखालील आहेत हे स्पष्ट लिहा. एनडीपीएसच्या अल्प प्रमाणात अडकलेले प्रकरण त्यामुळे वेगळ्या वजनाचे होते. १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावरही माहिती देता येते.

पुन्हा पुन्हा त्याच गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्याला कलम ३१ खाली कमाल शिक्षेच्या दीडपटीपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यापुढचे कलम ३१-ए तर विशिष्ट पदार्थांच्या फार मोठ्या साठ्याबाबत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास फाशीपर्यंत जाते. पूर्वी तेथे फाशी अनिवार्य होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती ऐच्छिक असल्याचे वाचले आणि २०१४ मध्ये संसदेने कायद्यातच तसा बदल केला. याशिवाय १९८१ च्या महाराष्ट्राच्या प्रतिबंधक कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्याबरोबर औषधीद्रव्यविषयक गुन्हेगारांनाही स्थानबद्ध करण्याची तरतूद आहे.

तरीही आपला मूळ आक्षेप बरोबर आहे. वजन हा हेतूचा एक पुरावा आहे, आणि आपल्या कायद्यात तो जवळजवळ एकमेव पुरावा होऊन बसला आहे. दोन ग्रॅम घेऊन फिरणारा विक्रेता आणि दोन ग्रॅम घेऊन फिरणारा रुग्ण यांना वेगळे करायचे तर तपासाने मोबाइलमधील संदेश, पैशांच्या नोंदी आणि पुरवठ्याची साखळी शोधावी लागते. कापडी पिशवी काट्यावर ठेवण्यापेक्षा ते काम फार कष्टाचे आहे.

वाशीतील कार्यकर्ती

मी गेली अकरा वर्षे व्यसनमुक्तीच्या कामात आहे, पूर्वी ठाण्यात आणि आता नवी मुंबईत. कळवेकर साहेबांनी भाच्याच्या सेवनाविषयी मोकळेपणाने लिहिले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे ही गोष्ट वकिलांपासूनही लपवतात.

सेवन हा कायद्याने वेगळा गुन्हा आहे, कलम २७ चा. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कायद्यात उपचारांची दोन दारे ठेवलेली आहेत. कलम ६४-ए नुसार, ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे असा व्यसनी माणूस स्वतःहून शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. आणि कलम ३९ नुसार, दोषी ठरल्यावरही न्यायालय अशा माणसाला शिक्षा सुनावण्याऐवजी त्याच्या संमतीने उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकते.

दुर्दैवाने भाच्यावरील आजचा आरोप व्यापारी प्रमाणाचा आहे, त्यामुळे ही दारे त्याला आज उघडी नाहीत, हे मी स्पष्ट सांगते, म्हणजे खोटी आशा राहणार नाही. पण त्याच्यावरील आरोप पुढे सेवनापुरता उरला, तर ती उघडतील, आणि त्या दिवशी उपचारांची तयारी हातात असली पाहिजे.

त्याहून तातडीची गोष्ट आहे ती त्याच्या प्रकृतीची. एमडी अचानक थांबल्यावर शरीरापेक्षा मन जास्त कोसळते. झोप बिघडते, खोल निराशा येते, संशय आणि भास होतात, काही मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. तो बंदिस्त असताना हे कोणाच्या लक्षात येईल, याची वाट पाहू नका. कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे त्याच्या सेवनाचा इतिहास लेखी द्या आणि मानसोपचार तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, असा अर्ज वकिलांमार्फत न्यायालयात करा. गरज पडल्यास ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवण्याची विनंतीही करता येते. बचावाच्या दृष्टीने हा अर्ज नेमक्या कोणत्या शब्दांत लिहावा, ते मात्र वकिलांनाच ठरवू द्या.

ताईंनाही, म्हणजे आपल्या बहिणीलाही, कोणाशी तरी बोलण्याची गरज आहे. १४४४६ हा केंद्र शासनाचा निःशुल्क क्रमांक रुग्णांइतकाच कुटुंबीयांसाठीही आहे. मुलाखतीच्या वेळी त्यांनी मुलाला “तू असे का केलेस” हे विचारणे काही काळ थांबवावे. जेवलास का, झोप लागते का, कोणी त्रास देते का, एवढेच विचारावे.

कळवेकर

आपणा सर्वांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते कळत नाही. कोर्टनाका साहेबांचे पहिले उत्तर मी काल रात्री कोपरखैरण्याला जाऊन बहिणीला वाचून दाखवले. ‘व्यापारी’ हा वजनाचा शब्द आहे, हे तिने दोनदा वाचायला लावले आणि त्यानंतर ती महिनाभरात प्रथमच ताटावर बसली. कार्यकर्त्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे वैद्यकीय अर्जाविषयी आज सकाळीच वकिलांशी बोललो.

आता आणखी विचारतो. भाच्याला पिशवीची माहितीच नव्हती, हे आम्ही कसे सिद्ध करायचे? पाठवलेल्या तीन हजार रुपयांवरून पोलीस आता ‘पैसा पुरवला’ असे कलम वाढवतील, अशी भीती एका परिचिताने घातली आहे. आणि कोठडीत असताना त्याच्याकडून काही कागदांवर सह्या घेतल्या आहेत, असे तो म्हणतो.

कोर्टनाका

सह्यांपासून सुरुवात करतो, कारण ती भीती सर्वांत सहज दूर होते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. या कायद्याखालील इतर तपास यंत्रणा पूर्वी कलम ६७ खाली घेतलेले जबाब वापरत असत, तेही २९ ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निकालाने बंद झाले.

तीन हजारांबद्दल: आपले परिचित ज्याला पैसा पुरवणे म्हणतात ते कलम २७-ए आहे आणि त्याची शिक्षा पुन्हा दहा ते वीस वर्षे आहे. परंतु २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या प्रकरणात स्पष्ट केले की सेवनासाठी पदार्थ घेताना पैसे दिले म्हणजे अवैध व्यापाराला वित्तपुरवठा केला, असे होत नाही. त्या मुद्द्यावर आपली बाजू बरी आहे. मात्र तेच तीन हजार कलम २९ च्या कटासाठी आणि माहिती होती हे दाखवण्यासाठी वापरले जातील, आणि ते कशाचे होते याचे खरे उत्तर वकिलांना आजच माहीत असले पाहिजे.

माहिती नव्हती, हा बचाव मात्र आपण समजता त्यापेक्षा कठीण आहे. सामान्य फौजदारी कायद्यात सर्व काही सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते. येथे कलम ३५ आणि ५४ मुळे ताबा सिद्ध झाला की जाणीव गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे आरोपीने दाखवायचे असते. २००३ च्या मदनलाल प्रकरणात गाडीत चरस सापडले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यातील सर्व प्रवाशांची शिक्षा कायम ठेवली होती. सरकारी वकील तोच निकाल आपल्यासमोर ठेवतील. त्याच्या उलट, २००२ च्या अवतार सिंग प्रकरणात मालाच्या पोत्यांवर बसलेली माणसे निव्वळ तेथे बसली होती एवढ्यावरून ताबेदार ठरत नाहीत, असे त्याच न्यायालयाने म्हटले आहे, आणि २००८ च्या नूर आगा निकालाने सांगितले की पायाभूत गोष्टी आधी सरकार पक्षानेच सिद्ध करायच्या, मगच भार आरोपीवर येतो. तेव्हा गाडी कोणाची, पिशवी कोणाच्या हाताजवळ होती, मागच्या आसनावरून ती दिसत होती का, चौघे कुठून कुठे निघाले होते, भाचा गाडीत कोणत्या ठिकाणी चढला, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर खटला उभा राहील. टोलनाक्याची किंवा उपाहारगृहाची कॅमेऱ्यातील चित्रफीत लवकर पुसली जाते. ती जपून ठेवण्याचा आदेश मिळावा, असा अर्ज याच आठवड्यात करा.

कलम ५० चा मुद्दा, म्हणजे झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर होण्याचा हक्क, आपल्याला फारसा उपयोगी नाही, कारण तो अंगझडतीपुरता आहे आणि माल अंगावर नव्हे तर गाडीत मिळाला. कलम ४२ मात्र पाहावे. पोलिसांना आधी खबर मिळाली होती आणि त्यांनी सापळा लावला होता, असे फिर्यादीत असेल, तर ती खबर लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांना कळवावी लागते, आणि सार्वजनिक रस्त्यावरील खासगी गाडीलाही हे बंधन आहे, असे २०२१ च्या बुटा सिंग निकालात म्हटले आहे. नाकाबंदीत योगायोगाने माल मिळाला असेल तर हा मुद्दा उरत नाही.

आता वजनाकडे येतो, कारण रेषा ५० वर आहे आणि आपण ६२ वर. पंचनाम्याची प्रमाणित प्रत मिळवा आणि ६२ ग्रॅम हे पुड्यांसह आहे की भुकटीचे निव्वळ, ते पाहा. भेसळ मोजली जाते, पण प्लास्टिकच्या पुडीचे वजन हा मिश्रणाचा भाग नव्हे. अकरा पुड्या वेगवेगळ्या तोलल्या का, प्रत्येकीची प्राथमिक चाचणी केली का, की सगळी भुकटी एकत्र ओतून मग नमुना घेतला, हेही पाहा. कारण दोन पुड्यांत दुसरेच काही असेल आणि सर्व एकत्र झाले असेल, तर नेमके किती ग्रॅम कशाचे होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कलम ५२-ए आणि २०२२ च्या डिसेंबरमधील नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले जातात आणि मुद्देमालाची यादी व छायाचित्रे ते प्रमाणित करतात. या पद्धतीत चूक झाली एवढ्यावरून आरोपी आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सांगितले आहे, तरी त्या चुकीमुळे पुराव्यावरच शंका येत असेल तर फरक पडतो. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचा असेल. रस्त्यावरील चाचणी प्राथमिकच असते.

फीची अडचण असेल तर संकोच करू नका. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

कळवेकर

पंचनाम्याची प्रत दुपारी मिळाली. त्यात ‘अकरा पुड्या, एकूण वजन ६२ ग्रॅम’ एवढेच लिहिले आहे. निव्वळ की पुड्यांसह याचा उल्लेख नाही आणि प्रत्येक पुडीचे वेगळे वजनही नाही. वकिलांना दाखवले. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले आणि दंडाधिकाऱ्यांसमोरील यादीची प्रत मागवतो म्हणाले. कॅमेऱ्यांबाबतचा अर्ज उद्या दाखल होईल. गुरुवारी बहिणीची तळोज्याला मुलाखत आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे.

कोर्टनाका

यादीची प्रत आली की दोन कागद शेजारी ठेवून वजने ताडून पाहा, आणि आकडा एका ग्रॅमने जरी वेगळा दिसला तरी तो वकिलांच्या नजरेस आणा.